ब्रेल जिथे जन्मली त्याच शाळेत तिच्यावर बंदी होती!

पायवाट:
मंडळी, मागच्या महिन्यात लेकीकडे पॅरिसला होतो. ती ऑफिसला गेली की मी आणि ही दोघांनी नुसतं पायी हिंडायचं, असा पंधरा दिवसांचा कार्यक्रम. एकदा द्युरॉक नावाच्या मेट्रो स्टेशनातून वर आलो तर पांढऱ्या काठ्या घेतलेली तीन-चार पोरं शेजारून भराभर निघून गेली. आम्ही तिथेच, मोबाईलवरचा नकाशा उलटासुलटा करत. त्यांच्या मागोमाग गेलो तर बुलव्हार दे झँव्हालीदवर ५६ नंबरला मोठी दगडी इमारत, फाटकाच्या आत एका माणसाचा पुतळा आणि त्याच्या पायाशी बसलेला मुलगा. हीच ती अंध मुलांची शाळा! लुई ब्रेल इथेच शिकला, इथेच शिकवलं आणि इथेच वारला.

घरी येऊन वाचत बसलो तर झोप उडाली. शाळा १७८५ ची, अंध मुलांची जगातली पहिली. ब्रेलने १८२४ मध्ये, वयाच्या पंधराव्या वर्षी, लिपी तयार केली. पुढे १८४० साली आलेल्या नव्या संचालकाने शाळेत तीच लिपी बंद केली. ब्रेल तेव्हा त्याच शाळेत मास्तर होता!

तर प्रश्न असा की ब्रेलचं श्रेय शाळेला द्यायचं की शाळेला न जुमानणाऱ्या पोरांना? हिचं म्हणणं, शाळा नसती तर ही पोरं एकत्र आलीच नसती. माझं म्हणणं, बंदी घालणाऱ्याला कसलं श्रेय. दोन दिवस आमच्यात अबोला आहे, तेव्हा जपून लिहा.

चिमटा:
नकाशा फिरवत उभे राहिलेले डोळस आणि सरळ चालत गेलेली अंध पोरं. धाग्याचं उत्तर पहिल्याच परिच्छेदात आलंय. आणि श्रेय वहिनींना.

अनुस्वार:
एक दुरुस्ती. ब्रेल "इथेच शिकला" हे चूक. तुम्ही पाहिलेल्या इमारतीत शाळा १८४३ साली आली. तो १८१९ च्या फेब्रुवारीत, दहा वर्षांचा असताना दाखल झाला तेव्हा शाळा सँ-व्हिक्तोर रस्त्यावरच्या एका जुन्या इमारतीत होती. ती मूळची पाद्री घडवणारी सेमिनरी. फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळात, सप्टेंबर १७९२ मध्ये, तिथे पाद्र्यांची कत्तल झाली होती. तीच वास्तू पुढे मुलांना दिली. ओल इतकी की मुलं सतत आजारी. लामार्तीन हा कवी खासदारही होता, त्याने १८३८ मध्ये संसदेत या इमारतीच्या दशेबद्दल भाषण केलं, मग कुठे नव्या जागेसाठी पैसे सुटले. ब्रेलला क्षय झाला, १८३५ च्या सुमाराला लक्षणं दिसायला लागली. त्या ओलीचाही त्यात हात असणार असं मला वाटतं.

पायवाट:
मान्य. "शिकला" मागे घेतो, बाकी दोन राहू द्या.

सुलभाताई:
दहा वर्षांचं लेकरू घरापासून लांब, ओल्या भिंतींमध्ये. वाचूनच पोटात कालवलं. त्याच्या आईने कसं पाठवलं असेल हो? आणि मुळात ही शाळा काढावीशी कोणाला वाटली?

पायवाट:
सुलभाताई, काढणारा व्हालाँताँ आउई. पुतळा त्याचाच. भाषा जाणणारा माणूस, परकी कागदपत्रं भाषांतर करून पोट भरायचा. १७७१ मध्ये पॅरिसच्या सँ-ओव्हीद जत्रेत त्याने एक खेळ पाहिला. अंध माणसांना शंकूच्या टोप्या आणि पुठ्ठ्याचे मोठाले चष्मे घालून, समोर संगीताचे कागद मांडून व्हायोलिनं खरवडायला बसवलं होतं, आणि लोक पोट धरून हसत होते. त्याला ते सहन झालं नाही. पण लगेच काही केलं असंही नाही, मध्ये तेरा वर्षं गेली, हे मला फार खरं वाटतं. आपणही असंच करतो, आधी नुसतं चरफडतो.

१७८४ मध्ये त्याला सँ-जर्मां-दे-प्रे चर्चच्या दाराशी भीक मागणारा फ्रान्स्वा लस्युअर भेटला, सतरा वर्षांचा. आउई म्हणाला शिकायला ये. तो म्हणाला घरचे उपाशी मरतील. मग भिकेत जेवढं मिळायचं तेवढं आउईने स्वतःच्या खिशातून द्यायला सुरुवात केली. म्हणजे जगातली पहिली अंधांची शाळा स्टायपेंडवर सुरू झाली म्हणा ना!

असं सांगतात की एकदा टेबलावरचे कागद चाळताना लस्युअरच्या बोटाला एका छापील कार्डाच्या मागे उमटलेला "ओ" लागला. छपाईचा दाब जरा जास्त पडला होता. त्यावरून आउईने उठावाची, म्हणजे बोटाला लागतील अशी उंचावलेली अक्षरं छापायची पद्धत काढली. १७८६ च्या नाताळात तो मुलांना व्हर्सायला राजासमोर घेऊन गेला, तिथे त्यांनी वाचून, गणितं करून दाखवली.

गावठी गणिती:
यात एक मजा राहून गेली. जत्रेतले ते अंध लोक जिथून आले त्या आश्रमाचं नाव "काँझ-व्हँ". म्हणजे पंधरा-वीस. वय नव्हे, पंधरा गुणिले वीस, तीनशे! तेराव्या शतकात फ्रान्सच्या नवव्या लुई राजाने तीनशे अंधांसाठी बांधला म्हणून ते नाव. आमची आजी कोंबड्या, आंबे, पैसे सगळं विसांत मोजायची, "तीन विसा आन् चार". तिला पॅरिसला नेलं असतं तर या आश्रमाचं नाव तिला एका फटक्यात कळलं असतं, पंधरा विसा. आणि फ्रेंच लोक अजूनही ऐंशीला चार-वीस म्हणतात.

क्रांतीनंतर १८०१ मध्ये या शाळेला याच आश्रमात कोंबलं होतं, मुलं आणि म्हातारे एकत्र. आउईला ते पटलं नाही, तो रशियाला गेला, सेंट पीटर्सबर्गला त्याने १८०७ मध्ये शाळा सुरू केली. म्हातारा होऊन परत आला तर तेव्हाच्या संचालकाने त्याला स्वतःच्याच शाळेत पाऊल टाकू दिलं नाही.

चिमटा:
संस्थापकाला संस्थेत बंदी. वा वा. फ्रान्स कशाला, आमच्या तालुक्यात या, दोन पतपेढ्या आणि एक दूध संघ दाखवतो.

दूरदेशी:
मी लिऑंला असतो. इथे "ब्रेल" म्हणालात तर लोक तोंडाकडे बघतात. उच्चार ब्राय आहे. बाकी चालू द्या.

अनुस्वार:
मराठीत ब्रेलच रूढ आहे आणि तेच राहील. आपण पारीही म्हणत नाही, पॅरिसच म्हणतो.

पेटीवाला:
माझा धंदा हार्मोनियम दुरुस्तीचा, म्हणून दोन शब्द. या शाळेत क्लोद मोंताल नावाचा मुलगा होता, ब्रेलच्या थोडा आधीचा. तो आणि त्याचा एक दोस्त शाळेचा पियानो गुपचूप खोलून बघायचे. शाळेचा डोळस ट्यूनर येऊन तक्रार करून गेला, मुलांना दम मिळाला. पण दोघांनी एक जुना मोडका पियानो मिळवून तो पूर्ण उघडून पुन्हा जोडून सुरात आणून दाखवला, तेव्हा शाळेच्या पियानोचं कामच त्यांच्याकडे आलं. मोंतालने १८३६ मध्ये पियानो जुळवण्यावर पुस्तक लिहिलं आणि पॅरिसमध्ये स्वतःचा धंदा थाटला. तिथपासून अंध माणूस आणि पियानो ट्यूनिंग ही जोडी युरोपात इतकी पक्की झाली की लोक ट्यूनर अंध असला की जास्त भरवसा ठेवायचे.

पियानोला दोनशेच्या वर तारा. आम्ही पेटीत रीड (सूर देणारी धातूची पट्टी) घासतो, टोकाला घासला की सूर चढतो, बुडाशी घासला की उतरतो. जास्त घासला की संपलं, रीड टाका. यात डोळ्याचं काम कमी, कानाचं आणि बोटाच्या दाबाचं जास्त. माझे उस्ताद सूर लावताना दिवा बंद करायचे. आणि ही आपली भजनातली पेटीसुद्धा मूळची पॅरिसची बरं का, दबँ नावाच्या माणसाने १८४२ मध्ये पेटंट घेतलं. म्हणजे ब्रेल तिकडे बंदी सोसत होता तेव्हा गावात हार्मोनियम नवी कोरी होती. तो स्वतः चर्चमध्ये ऑर्गन वाजवायचा.

नितळ:
पण बंदी का घातली? कारण कोणी लिहिलंच नाही. ब्रेल ही भाषा त्यांना परकी वाटली का?

सहा ठिपके:
नमस्कार. मी इथे वाचतो खूप, लिहितो कमी. मी जन्मतः पूर्ण अंध, स्क्रीन रीडर लावून वाचतो (त्याचं मराठी असं आहे की चिमटांचे विनोदही बातम्यांसारखे ऐकू येतात). नितळ, आधी एक, ब्रेल ही भाषा नाही, लिपी आहे. मी मराठीच वाचतो, ठिपक्यांत.

बंदीचं कारण मला वाचायची गरज नाही, मी ते भोगलंय. शाळेचं आणि गावाचं नाव लिहीत नाही, पण मीही निवासी अंधशाळेत वाढलो. सहा वर्षांचा असताना बाबांनी एसटीने आणून सोडलं. बाबा निघाले तेव्हा एका मोठ्या मुलाने माझा हात धरून भिंतीला लावला आणि म्हणाला, "भिंत सोडू नको, भिंत सगळीकडे नेते." खरंच त्या भिंतीने आठवडाभरात सगळं दाखवलं. जेवणघराच्या आधी तिला एक तडा होता, संडासाकडे वळताना खिळा, रेक्टरच्या खोलीपाशी डिंकाचा वास.

आम्हाला शिकवणारे एक सर डोळस होते. ब्रेल यायची त्यांना, पण डोळ्यांनी. कागद खिडकीशी तिरका धरायचे, म्हणजे ठिपक्यांची सावली पडते. ढगाळ दिवस असला की वह्या तपासायच्या राहायच्या. पावसाळ्यात तर महिना महिना. आम्ही मुलं एकमेकांच्या वह्या अंथरुणात पडून तपासायचो. रात्री नऊला दिवे जायचे, आम्हाला काय फरक पडणार, पांघरुणात पुस्तक ओढून वाचत पडायचं. पकडले जायचो ते लिहिताना. ब्रेलच्या पाटीवर (कागद अडकवायची खणांची चौकट) स्टायलस, म्हणजे टोचणी, टोचला की टक टक आवाज होतो आणि रेक्टरचे कान आमच्याइतकेच तीक्ष्ण होते.

तर पॅरिसमध्येही हेच. मुलं आपापसात पत्रं लिहितायत, वह्या भरतायत, संगीत उतरवून घेतायत, आणि मास्तरांना त्यातलं ओ की ठो कळत नाही. ही लिपी पसरली तर उद्या मास्तरही अंधच लागतील, मग आपलं काय, ही भीती. शिवाय वरून सांगायला सोपं कारण होतंच, की ठिपक्यांची लिपी मुलांना जगापासून तोडते, डोळस लोक वाचतात तीच अक्षरं त्यांनी वाचली पाहिजेत.

सुलभाताई:
डिंकाचा वास! तुम्ही लिहीत जा हो इथे.

गावठी गणिती:
आउईची उठावाची अक्षरं वाचायला किती वाईट असतील याचा अंदाज येतो का कोणाला? प्रत्येक अक्षर मोठं, त्याची वळणं बोटाने पूर्ण फिरून ओळखायची. पुस्तकं अवजड, आणि ब्रेल आला तेव्हा शाळेकडे अशी जेमतेम चौदा पुस्तकं होती म्हणे. आणि लिहिता तर येतच नाही, छापखान्यातच तयार होणार. म्हणजे मुलगा फक्त वाचणार, तेही कोणीतरी निवडलेलं.

मग शार्ल बार्बिये नावाचा माजी लष्करी अधिकारी १८२१ च्या सुमाराला आपली ठिपक्यांची पद्धत घेऊन शाळेत आला. तिच्यात एका खणात बारा ठिपके, सहा-सहाच्या दोन उभ्या रांगा. बोट वरखाली सरकवल्याशिवाय कळायचंच नाही. आणि ती ध्वनीवर होती, स्पेलिंग नाही, विरामचिन्हं नाहीत. ब्रेलने सहावर आणली. सहा ठिपक्यांच्या त्रेसष्ट जुळण्या होतात आणि अख्खं अक्षर एका बोटाखाली मावतं.

नर्मदाकाठ:
बार्बियेने ती पद्धत सैनिकांना रात्री दिवा न लावता निरोप वाचता यावेत म्हणून काढली होती ना? शाळेच्या पुस्तकात होतं.

अनुस्वार:
ही गोष्ट सगळीकडे छापतात. पण बार्बियेचं स्वतःचं लिखाण पाहिलं तर त्याच्या डोक्यात ज्यांना शाळेत जाताच येत नाही ती माणसं दिसतात, सैनिक नव्हेत. दंतकथा जास्त चटपटीत असते म्हणून टिकते. तीच गत "ज्या आरीने डोळा गेला त्याच आरीने लिपी लिहिली" या फॉरवर्डची. वडील खोगीर बनवायचे, तीन वर्षांचा असताना त्यांच्या अवजाराने डोळ्याला इजा झाली, संसर्ग दुसऱ्या डोळ्यात गेला, पाचव्या वर्षापर्यंत पूर्ण अंधत्व आलं. एवढं खरं. बाकी फोडणी.

चिमटा:
अनुस्वार, तुमच्या लहानपणी गोष्ट सांगणाऱ्या आजीची मला फार दया येते.

फळा खडू:
मी विशेष शिक्षिका होते, एकतीस वर्षं, आता निवृत्त. सहा ठिपके यांच्या सरांबद्दल वाचून लाज वाटली, पण खोटं कसं म्हणू, मीसुद्धा पहिली चार-पाच वर्षं डोळ्यांनीच वाचायचे. एका चौथीतल्या मुलीने पकडलं. म्हणाली, "बाई, तुमचं बोट हलतच नाही." त्यानंतर रोज रात्री डोळे मिटून अर्धा तास बसायचे. वेग कधीच आला नाही, पण मुलांचा हात पानावर कुठे अडखळतो ते कळायला लागलं.

आता मुद्दा. निवासी शाळांना सरसकट झोडपू नका. आज सगळे म्हणतात मुलांना गावातल्या साध्या शाळेत घाला, सर्वसमावेशक शिक्षण, २०१६ चा कायदाही तेच म्हणतो आणि तत्त्व म्हणून मला ते मान्यच आहे. पण गावच्या शाळेत ब्रेल शिकवणारं कोण? फिरता शिक्षक असलाच तर आठवड्यातून एकदा. ते पोर मागच्या बाकावर बसून ऐकत राहतं, परीक्षेला रायटर मिळतो, पास होतं, आणि दहावी झालं तरी स्वतःचं नाव लिहिता येत नाही. निवासी शाळेत चाळीस पोरं ब्रेल वाचणारी असतात म्हणून एक्केचाळिसावं आपोआप वाचतं.

नितळ:
बाई, आदर आहे, पण सहा वर्षांच्या मुलाला आईपासून तोडून? माझा भाऊ अंशतः अंध आहे, त्याला आम्ही नाही पाठवलं. साध्या शाळेत शिकला, आज बँकेत आहे. निवासी शाळा म्हणजे समाजाच्या नजरेआड ठेवायची सोय. आपल्याला दिसायला नको म्हणून.

फळा खडू:
अंशतः अंध आणि पूर्ण अंध यात फरक आहे, नितळ. भावाला मोठ्या अक्षरांतलं दिसत असेल.

नितळ:
हो, दिसतं. पण मुद्दा तोच राहतो.

सहा ठिपके:
दोन्ही खरं आहे. मला आठवीपर्यंत गावात एकही मित्र नव्हता, सुट्टीत घरी गेलो की पाहुण्यासारखा बसायचो, बहिणीला माझ्याशी काय बोलावं कळायचं नाही. ते नुकसान आहे, मोजता येत नाही. आणि त्याच वसतिगृहात मला बुद्धिबळ, शिव्या, ब्रेल आणि तबला मिळाला. गावात राहिलो असतो तर ओसरीवर बसवलं असतं, प्रेमाने.

नर्मदाकाठ:
आपल्याकडे पहिली अंधशाळा कुठली? मुंबईचीच असणार.

फळा खडू:
नाही, अमृतसर. ॲनी शार्प या मिशनरी बाईंनी १८८७ मध्ये, पुढे ती डेहराडूनजवळ राजपूरला गेली. मुंबईत १९०० साली अमेरिकन मराठी मिशनच्या ॲना मिलार्ड यांनी सुरू केली, तीच आजची दादरची मुलींची शाळा. मग १९०२ मध्ये ताडदेवची व्हिक्टोरिया मेमोरियल. गंमत म्हणजे या सुरुवातीच्या काळात भारतात ब्रेलच्या नाना तऱ्हा होत्या, एका शाळेचं पुस्तक दुसऱ्या शाळेत चालेलच असं नाही. युनेस्कोच्या मदतीने १९५१ मध्ये भारती ब्रेल ठरली, तिथून सगळ्या भारतीय भाषांना एकच चौकट आली. त्या कामातला मुख्य माणूस क्लुथा मॅकेन्झी हा न्यूझीलंडचा, पहिल्या महायुद्धात गॅलिपोलीला डोळे गेलेला.

अनुस्वार:
भारती ब्रेलमध्ये ऱ्हस्व-दीर्घ वेगळे असतात का? की तिथेही हल्लीच्या मराठीसारखा आनंद?

सहा ठिपके:
अनुस्वार, तुम्हाला आवडेल. ठिपक्यांना नंबर असतात, डावीकडे वरून खाली १-२-३, उजवीकडे ४-५-६. इ म्हणजे ठिपके २-४, ई म्हणजे ३-५. बोटाला दोन्ही पूर्ण वेगळे लागतात, म्हणून माझं शुद्धलेखन बरं आहे. जी मुलं नुसतं ऑडिओ ऐकून शिकली त्यांना "पाणी" ऱ्हस्व की दीर्घ कळायला मार्गच नाही, ऐकायला तेच.

आणि एका बाबतीत आम्ही तुमच्यापेक्षा शहाणे. तुम्ही "कि" लिहिताना वेलांटी क च्या आधी काढता आणि म्हणता नंतर. आम्ही आधी क (१-३), मग इ, जसं बोलतो तसं. जोडाक्षराचं मात्र उलटं, तुम्ही क चा पाय नंतर मोडता, आम्ही हलन्ताचा ठिपका (४) क च्या आधीच टाकतो. ळ साठी ४-५-६, उजवीकडची अख्खी उभी रांग. "कमळ" शब्द बोटाला फार छान लागतो.

दूरदेशी:
क १-३ म्हणजे फ्रेंच ब्रेलमधला के च की!

सहा ठिपके:
हो, शक्य तिथे तीच अक्षरं घेतलीत. म १-३-४, ल १-२-३, सगळी त्या पॅरिसच्या पोराची.

पेटीवाला:
हे आजच कळलं. पस्तीस वर्षं अंध भजनी मंडळाच्या पेट्या दुरुस्त करतोय, कधी विचारलंच नाही.

पायवाट:
धागा भलताच पुढे गेला. बंदीची राहिलेली गोष्ट पुरी करतो, म्हणजे हिला उत्तर देता येईल.

आधीचा संचालक पिन्ये ब्रेलच्या बाजूचा होता. त्याच्याच काळात १८२९ मध्ये लिपीचं पहिलं पुस्तक निघालं. आणि कसं छापलं असेल? उठावाच्या रोमन अक्षरांत! ठिपक्यांची लिपी समजावणारं पुस्तक, पण बाकी सगळा मजकूर जुन्या अक्षरांत. पुढे पिन्येला घालवलं, आरोप काय तर इतिहास शिकवून मुलांची मनं बिघडवतो. त्याच्या हाताखालचा द्यूफो १८४० मध्ये संचालक झाला. त्याने जुनी पुस्तकं जाळली, परदेशी धर्तीची नवी उठावाची अक्षरं आणली आणि ठिपके बंद. म्हणतात की पाट्या काढून घेतल्या तेव्हा मुलं विणायच्या सुया आणि काटेचमचे वापरून टोचत होती.

पण मग द्यूफोचा साहाय्यक जोझेफ ग्वादे याने मुलं काय करतायत ते नीट पाहिलं आणि साहेबाला पटवलं की हे थांबणार नाही, थांबवलं तर नाव तुमचं खराब होईल. २२ फेब्रुवारी १८४४ ला नव्या इमारतीचं उद्‌घाटन झालं तेव्हा पाहुण्यांसमोर ग्वादेने ब्रेल लिपीची माहिती वाचली आणि प्रात्यक्षिक झालं. एका मुलीला बाहेर पाठवून दुसरीकडून कविता लिहून घ्यायची, मग पहिलीने आत येऊन ती वाचायची, असलं काहीतरी. ब्रेल पाहुण्यांत बसलेला होता. ६ जानेवारी १८५२ ला तो गेला, त्रेचाळिसावा वाढदिवस होऊन दोनच दिवस झाले होते. फ्रान्सने लिपी अधिकृत मानली १८५४ मध्ये.

चिमटा:
आणि १९५२ मध्ये पाँतेऑंला, म्हणजे फ्रान्सच्या थोरामोठ्यांना पुरतात तिथे, थाटात नेला, शंभर वर्षांनी. आपल्याकडे तरी चौकाला नाव पटकन देतात.

दूरदेशी:
सगळा नाही नेला. हात कूव्रेला, त्याच्या गावातच आहेत, थडग्यावरच्या कलशात. गाववाल्यांनी ठेवून घेतले. मी जाऊन आलोय, पॅरिसपासून तासाभराच्या आत आहे.

सुलभाताई:
अगंबाई. हातच ठेवले.

फळा खडू:
मूळ प्रश्नावर माझं मत, वहिनी बरोबर. एकट्या मुलाने लिपी केली असती तर वापरली कोणाशी असती?

गावठी गणिती:
पण "शाळा" म्हणजे कोण? संचालक की वसतिगृहाची खोली? श्रेय खोलीला.

सहा ठिपके:
गणितींना दहापैकी दहा. आमच्याकडे तपासायला येणारे अधिकारी वर्ग बघून जायचे. शाळा खरी रात्री नऊनंतर भरायची.

नर्मदाकाठ:
माझ्या पुतणीला ब्रेल शिकायची हौस आलीय (डोळस आहे, दहा वर्षांची). पाटी नसेल तर घरी काय करता येईल?

सहा ठिपके:
जुनं कॅलेंडर किंवा लग्नपत्रिका घ्या, कागद जाड हवा. खाली मऊ पॅड आणि बोथट सुई. लक्षात ठेवा, टोचता मागून आणि वाचता पुढून, म्हणून उजवीकडून डावीकडे लिहायचं आणि प्रत्येक अक्षर आरशातलं. पहिला शब्द "आई" लिहा, सोपा आहे, आ ३-४-५, ई ३-५.

नर्मदाकाठ:
केलं! बोटाने वाचता नाही आलं, पण पत्रिका उलटून ठिपके मोजले. डावीकडे पहिल्यांदा २-६ आलं आणि मग १-२-६. हे काय झालं?

सहा ठिपके:
डावीकडून सरळ टोचलंत. १-२-६ म्हणजे घ. आईचा शेवट घ मध्ये झाला.

पायवाट:
हिला हे वाचून दाखवलं, अबोला सुटला. म्हणते, "घ म्हणजे घरी या, चहा झालाय."

चिमटा:
नर्मदाकाठ, ती पत्रिका कोणाच्या लग्नाची होती? झालं ना ते लग्न?

नर्मदाकाठ:
पुढच्या रविवारी आहे. वहिनी आता ठिकाण शोधतेय, मंगल कार्यालयाच्या पत्त्यावरच टोचलंय मी.